तळपद्यांची वही कुठे आहे?

गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. एका टेबलावर थर्माकोलचं भलंमोठं विमान होतं. वर चंदेरी कागद, शेपटीला बॅटरीवर गरगरणारा पंखा, पोटात पारा म्हणून भरलेली चमकी. खाली ठळक पाटी: ‘मरुत्सखा. जगातील पहिले विमान. संशोधक शिवकर बापूजी तळपदे. गिरगाव चौपाटी, १८९५. उंची १५०० फूट.’ सातवीतल्या मुलीने सगळी माहिती न अडखळता, वक्तृत्व स्पर्धेच्या सुरात म्हणून दाखवली. मी विचारलं, ‘‘पंधराशे फूट कुणी मोजलं गं?’’ ती म्हणाली, ‘‘सर, बडोद्याचे महाराज आले होते ना बघायला!’’ मागे उभ्या असलेल्या बाईंनी कौतुकाने मान डोलावली.

शेजारी एक मुलगा थर्माकोलच्या ताटलीतून कापलेलं वीतभर ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारं विमान, घेऊन उभा होता. नाकाशी सेलोटेपने रुपयाचं नाणं चिकटवलेलं. त्याला धड बोलता येत नव्हतं, पण त्याच्याकडे एक वही होती. शाळेच्या जिन्यावरून केलेल्या २३ फेकींची नोंद तिच्यात होती. ‘५. नाणं पुढे. नाक आपटलं. ६. नाणं अर्धा इंच मागे. बरं. ११. डाव्या पंखाची मागची कड खाली वाकवली. वाटलं उजवीकडे वळेल. डावीकडे वळलं. का?’

पहिलं बक्षीस मरुत्सखाला गेलं. विषय मराठी माणसाचा, सादरीकरण उत्तम, असं आम्हा तिन्ही परीक्षकांचं एकमत झालं. तिघांत मीही होतो, आणि मला तळपद्यांची गोष्ट कशी उभी राहिली हे तेव्हाही ठाऊक होतं. घरी येताना रिक्षात बसल्यावर लाज वाटली. हा लेख त्या लाजेपोटी आहे.

गोष्ट आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेली असते. १८६४ साली मुंबईत पाठारे प्रभू कुटुंबात जन्मलेले तळपदे आर्य समाजाचे अनुयायी होते. वेदांवरच्या भाष्यांतून त्यांना विमानविद्येचा ध्यास लागला. १८९५ साली त्यांनी पाऱ्याच्या इंजिनावर चालणारं ‘मरुत्सखा’ हे माणूस नसलेलं विमान चौपाटीवरून उडवलं, ते १५०० फूट वर जाऊन खाली आलं. बघायला सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे होते, ‘केसरी’ने बातमी दिली, मग इंग्रजांनी दबाव आणला, पैसा आटला, आणि श्रेय आठ वर्षांनी राइट बंधूंनी पळवलं. गोष्ट म्हणून ती अगदी घोटीव आहे. मराठी माणूस, संस्कृत विद्या, दुष्ट इंग्रज, फसवलं गेलेलं श्रेय, काही म्हणता काही कमी नाही.

कमी आहे ती एकच गोष्ट. त्या दिवसाचा कागद. ‘केसरी’ने बातमी दिली असं सगळे सांगतात, तो अंक मात्र कोणी पुढे ठेवत नाही. फोटो नाही, आराखडा नाही, वजनाचा आकडा नाही, इंधनाचा हिशेब नाही. १८९५ ची मुंबई काही आडगाव नव्हती. इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं रोज निघत होती, फोटो स्टुडिओ होते. चौपाटीवरून एखादी वस्तू पंधराशे फूट वर गेली असती तर निम्म्या गिरगावाने ती गच्चीतून पाहिली असती, आणि त्या आठवड्यात शहरात दुसरा विषय निघाला नसता.

इथवर ही निरुपद्रवी दंतकथा आहे, आणि दंतकथांशी माझं भांडण नाही. पुष्पक विमान आपल्या घराघरांत आहे. तुकोबांना न्यायला आलेल्या विमानाचं चित्र आमच्या आजीच्या देवघरात होतं, त्याला इंजिन कुठलं हे कोणी विचारलं नाही आणि विचारूही नये. भोजराजाच्या नावावरच्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात तापवलेल्या पाऱ्याच्या जोरावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याची कल्पना आहे. ती वाचताना माणसाने कुठवर स्वप्न पाहिलं याचं खरोखर अप्रूप वाटतं. पण कल्पना सरकारी व्यासपीठावर चढून इतिहास म्हणून बोलू लागली की प्रश्न सार्वजनिक होतो. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात १०२वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. तिथे एका सत्रात प्राचीन भारतीय विमानं मागेही जात आणि ग्रहांदरम्यानही फिरत, असा निबंध वाचला गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी तळपद्यांनी विमान बनवलं हे विद्यार्थ्यांना शिकवायला हवं, असं सांगितलं. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. साक्षीदार आणि पंचनामा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

तर प्रश्न असा, की हे शाळेत शिकवावं का? माझं म्हणणं, तळपदे जरूर शिकवावेत, मरुत्सखाचे पंधराशे फूट शिकवू नयेत. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात हे आपल्या लक्षात येत नाही.

आधी गोष्ट जशीच्या तशी खरी मानून बघू. माणसाविना एक यंत्र वर गेलं आणि खाली आलं. तेवढ्याने ते ‘पहिलं विमान’ ठरतं का? १८७१ साली पॅरिसमध्ये अल्फोन्स पेनो याने रबराला पीळ देऊन चालणारं छोटं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं होतं. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. त्याचे फोटो आहेत, आणि ते टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी काढलेले आहेत. तरीही जग लँग्लींना विमानाचा जनक म्हणत नाही. वस्तू वर जाणं हा या विद्येतला सोपा भाग. वर गेलेल्या माणसाला हवं तिकडे वळता येणं, डगमगलं की सावरता येणं, हाच खरा पेच होता. जर्मनीच्या ओटो लिलिएंथाल यांनी ग्लायडरवर सुमारे दोन हजार उड्डाणं केली आणि ऑगस्ट १८९६ मध्ये वाऱ्याच्या झोताने यंत्र कोलमडून ते गेले. स्वतःचं शरीर इकडेतिकडे झुकवून तोल सांभाळायचा, एवढंच त्यांच्या हाती होतं.

राइट बंधूंनी नेमका हा पेच सोडवला. सायकलच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका हातात उलटसुलट पिळताना विल्बरच्या लक्षात आलं, की पंखांचे शेंडे असे पिळले तर यंत्र कलवता येईल. १९०१ चं ग्लायडर मात्र हवेत नेऊन पिळलं, की कधीकधी भलत्याच दिशेला नाक फिरवायचं. उचल वाढलेल्या पंखाला हवेचा विरोधही वाढतो आणि तो पंख मागे राहतो, हे त्यातलं कारण. त्याच हिवाळ्यात त्यांनी लाकडी खोक्याचा वायुबोगदा, म्हणजे पंखावर वारा सोडून तपासायची पेटी, बनवला, सुमारे दोनशे छोटे पंख त्यात तपासले, आणि पूर्वसूरींची कोष्टकं चुकीची असू शकतात हे स्वतःच्या आकड्यांनी पाहिलं. १९०२ मध्ये शेपटीला उभं सुकाणू आलं, आधी पक्कं आणि मग फिरणारं. तेव्हा कुठे ग्लायडर हुकमात आलं. इंजिन त्यानंतर बसवलं.

१७ डिसेंबर १९०३ च्या चार उड्डाणांचं बोलू. पहिलं १२ सेकंद, १२० फूट. हे अंतर आजच्या जंबो जेटच्या लांबीपेक्षाही कमी भरतं. चौथं ५९ सेकंद, ८५२ फूट. पाच साक्षीदार होते, त्यांतल्याच एका किनारारक्षकाने तो प्रसिद्ध फोटो काढला. संध्याकाळी वडिलांना तार केली, ती पोचताना ५९ चे ५७ सेकंद झाले. पण ऑर्व्हिलची डायरी आजही जपलेली आहे, त्यामुळे चूक तारेची होती हे कळतं. मला या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा तपशील वाटतो. चूक झाली, तरी वही असल्यामुळे ती दुरुस्त करता आली. पंधराशे फुटांचा आकडा चुकीचा असेल तर तो कशाशी ताडून दुरुस्त करायचा?

आणि राइट बंधूंना तरी जगाने लगेच कुठे मानलं? युरोपात त्यांना थापाडे म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल माँजवळच्या रेसकोर्सवर विल्बरने सर्वांदेखत विमान वळवून, फिरवून, अलगद उतरवून दाखवलं. टीकाकारांनी त्यानंतर जाहीर माफी मागितली. पुरावा मागणं हा अपमान असतो, ही समजूत आपल्याकडे कुठून आली कोण जाणे.

‘इंग्रजांनी दाबलं’ हे उत्तर इथे हमखास येतं. इंग्रजांनी बरंच काही दाबलं, यात वाद नाही. पण त्याच १८९५ साली, त्याच इंग्रजी अमलात, कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवत होते. त्यांच्या वाट्याला इंग्रजांचा दुजाभाव पुरेपूर आला. तरी मे १८९५ मध्ये त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला, पुढे १८९९ मध्ये लोखंड आणि पारा वापरून केलेल्या लहरशोधकावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीत गेला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९८ साली, अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या जगन्मान्य संस्थेच्या नियतकालिकात एका अभ्यासकाने मांडलं, की मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश पकडला तो बोस यांच्याच पाऱ्याच्या शोधकाचं रूप वापरून. भारतीयाचं हुकलेलं श्रेय परत मिळवण्याची वाट अशी असते. तीही पाऱ्याचीच गोष्ट आहे, फक्त तिला कागद आहे.

पाऱ्याचा विषय निघालाच आहे तर व्हॉट्सअॅपवरचा तो लाडका मजकूरही बघू, ‘नासा आज ज्या पाऱ्याच्या आयन इंजिनवर संशोधन करते ते तळपद्यांनी तेव्हाच वापरलं होतं’. नासाने १९६४ मध्ये खरोखरच पाऱ्याचं आयन इंजिन अवकाशात चालवून पाहिलं, एवढा भाग बरोबर. पण त्या इंजिनाचा रेटा तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या कपट्याच्या भाराएवढा असतो. आयनांचं, म्हणजे विद्युतभारित कण मागे फेकणारं, इंजिन निर्वात पोकळीत, महिनोन्‌महिने हळूहळू वेग वाढवत नेण्यासाठी असतं. चौपाटीच्या दमट हवेत ते स्वतःचं वजन सोडाच, त्याला बांधलेली दोरीही उचलणार नाही.

गोष्टीतली अशी विमानयंत्रं बहुतेक ‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या पोथीतून येतात. भरद्वाज ऋषींच्या नावावर खपणारी ही पोथी आनेकलच्या सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतली. तिच्यातली चित्रं बंगळुरूच्या एका आरेखकाने १९२३ मध्ये काढली. म्हणजे चौपाटीच्या कथित उड्डाणानंतर २३ ते २८ वर्षांनी. १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी ही पोथी अतिशय सहानुभूतीने, आकृत्यांची मापं काढून तपासली. ती १९०४ पूर्वीची नाही, भाषा अर्वाचीन आहे आणि त्यातलं एकही यंत्र उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. या पाचांतले एक एच. आर. नागेंद्र. पुढे त्यांनी सारं आयुष्य योगाला वाहिलं, बंगळुरूजवळ योग विद्यापीठ उभं केलं. त्यांना परंपरेचा शत्रू म्हणायची सोय नाही.

देशोदेशी असे तळपदे असतात, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हा फक्त आपलाच दोष वाटेल. ब्राझीलला सांतोस-द्युमाँ पहिला वाटतो, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्याने तर २०१३ मध्ये कायदा करून गुस्ताव्ह व्हाइटहेडला राइट बंधूंच्या आधीचा मान दिला. न्यूझीलंडचा शेतकरी रिचर्ड पिअर्स याच्यासाठीही लोक भांडतात. पिअर्सने स्वतः मात्र वर्तमानपत्राला पत्र लिहून कबूल केलं होतं, की आपले प्रयत्न सुरू झाले तेच १९०४ च्या सुमाराला. चाहत्यांना ते आजही पटत नाही.

खुद्द वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने काय केलं? लँग्ली हे तिचे प्रमुख होते. माणूस बसवलेलं त्यांचं यंत्र १९०३ मध्ये दोनदा नदीत कोसळलं. १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस यांनी त्यात बरेच फेरफार करून ते थोडंसं उडवलं, आणि संस्थेने ‘माणसाला घेऊन उडण्यास समर्थ असलेलं जगातलं पहिलं विमान’ अशी पाटी लावून ते मांडलं. चिडलेल्या ऑर्व्हिलने आपलं विमान १९२८ मध्ये लंडनच्या संग्रहालयात धाडून दिलं. १९४२ मध्ये संस्थेने ते सारे फेरफार छापून चूक कबूल केली, आणि १९४८ मध्ये विमान परत आलं. येताना मात्र करारात एक अट आली, दुसऱ्या कोणाचं विमान आधी उडालं असं संस्थेने कधीही म्हणायचं नाही. मला ही अटही पसंत नाही. इतिहास करारनाम्याने बांधू नये. पण आधीची कबुली बघा. एवढ्या बड्या संस्थेने आपल्याच माजी प्रमुखाच्या पाटीवरची ओळ खोडली. आपल्याकडे शाळेतल्या थर्माकोलच्या पाटीवरची ओळ खोडायला तीन परीक्षकांची हिंमत होत नाही.

या गोष्टीत सर्वाधिक अन्याय तळपद्यांवरच होतो. जिथे साधं बेअरिंग मिळवायलाही वणवण करावी लागली असेल अशा काळात, मुंबईच्या दाटीत, कुठल्याही विद्यापीठाच्या पाठबळाशिवाय एक माणूस उडण्याच्या ध्यासाने झपाटला, आणि १९०७ मध्ये त्याने ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे पुस्तक लिहिलं. सुब्बराय शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्याने मुंबईत नमुने बनवून पाहिले आणि ते उडाले नाहीत, असंही त्या बंगळुरूच्या अभ्यासातून कळतं. मला हे न उडालेले नमुने पंधराशे फुटांपेक्षा फार मोठे वाटतात. बांबू कुठला वापरला, कशाने बांधला, कुठे मोडला, पैसे कुणी दिले, घरचे काय म्हणाले? यातलं काहीच आपण शोधायला गेलो नाही. शोधायची गरजच उरली नाही, कारण उत्तर आधीच ‘उडालं’ असं ठरलेलं आहे. चमत्कार ठोकून दिला की माणूस पुसला जातो.

दुसरा अन्याय जे खरंच उडाले त्यांच्यावर. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक होता, जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर कामी आला. त्याचं नाव किती मराठी शाळांत घेतात? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, हे निदान स्पर्धा परीक्षेपुरतं तरी माहीत असतं. पण विष्णू माधव घाटगे?

कोल्हापूर भागातल्या हसूरचे घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले. प्रांट्ल म्हणजे आधुनिक वायुगतिकीचा पाया घालणारा माणूस. घाटगे वालचंदांच्या त्या कारखान्यात गेले, भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्या शिकवू लागले, आणि त्यांच्या हाताखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान तयार झालं. ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते उडवलं. भारतीयांनी आखलेलं, भारतात बनलेलं आणि कारखान्यातून ओळीने बाहेर पडलेलं ते पहिलं विमान. हवाई दलातल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या. पुढे १९६४ मध्ये घाटग्यांचंच किरण हे जेट उडालं. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरती २०११ पर्यंत त्याच्याच सुधारित आवृत्तीवर चालत. आणि मधल्या काळात, १९५८ मध्ये, त्यांनी फ्लाइंग क्लबांसाठी कापड मढवलेलं दोन आसनी छोटं विमान केलं. त्याचं नाव पुष्पक. पुष्पक विमान खरोखर बनलं होतं, आपल्याच एका माणसाने बनवलं होतं, त्याला इंजिन होतं, वजन होतं, देखभालीचं पुस्तक होतं. आणि त्यात बसून उडायला शिकलेली माणसं आजही भेटतात.

एवढं सगळं हाताशी असताना आपण चौपाटीची गोष्ट घट्ट धरून बसतो. कदाचित कष्टाने, टप्प्याटप्प्याने मिळवलेलं यश आपल्याला पुरेसं वाटत नाही, आपल्याला सगळ्यांच्या आधीचं हवं असतं. पाठ्यपुस्तकात एक धडा द्यायचा झाला तर मी तळपदे आणि घाटगे दोघांचा मिळून देईन. तळपद्यांच्या पानावर स्पष्ट लिहीन, की १८९५ च्या उड्डाणाचा पुरावा मिळालेला नाही, आणि खाली मुलांना गृहपाठ देईन: जवळच्या जुन्या वाचनालयात जा, त्या वर्षीची वर्तमानपत्रं असली तर चाळा, सापडलं तर वर्गात आणा. न सापडल्याचीही नोंद करा, तारखेसकट.

त्या दिवशी त्या वहीतला ‘का?’ मी वाचला आणि पान उलटून पुढे गेलो. घाई होती, अजून चौदा टेबलं बाकी होती. १९०१ साली राइट बंधूंना अडलं होतं ते हेच, हे रिक्षात बसल्यावर डोक्यात आलं. त्या मुलाचं नावही मी विचारलं नव्हतं. त्याच्या ग्लायडरला शेपटीवर उभी पट्टी नव्हती, एवढं सांगायचं राहून गेलं.